पाचट, सुकं गवत आणि वस्तीवरची घरं: आग लागायच्या आधी काय करता येतं?

मागच्या फेब्रुवारीत सातवीच्या वर्गावर गणिताचा तास चालू होता. खिडकीतून काळं, पिसासारखं हलकं काहीतरी तरंगत आत आलं आणि एका मुलीच्या वहीवर बसलं. तिने फुंकर मारली तसा पानावर काळा पट्टा उमटला. "सर, कुणीतरी पाचट पेटवलंय," ती म्हणाली आणि पुढचं गणित सोडवायला लागली. कुणालाच नवल वाटलं नाही. बारामती-इंदापूर भागात कारखान्यांचा हंगाम चालू असला की ही काळी पानं अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, मशिदीच्या वजूखान्यात सगळीकडे पडतात. मधल्या सुट्टीत मी धूर कुठून येतोय ते पाहिलं. रान शाळेपासून चांगलं किलोमीटरभर लांब होतं.

ते पान आमच्यापर्यंत विझून आलं. शंभर फुटांवर पडलेलं पान मात्र विझलेलं असेलच असं नाही. तिथे कडब्याची गंज असेल, गोठ्याचं छप्पर असेल, शेजाऱ्याचा तोडणीला आलेला ऊस असेल, तर काय होतं ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

वणवा म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचं ऑस्ट्रेलिया नाही तर कॅलिफोर्निया आठवतं. आपल्याकडे तसं घनदाट जंगल नाही, म्हणून हा विषय आपला नाही असं वाटतं. पण आपले दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही चार महिन्यांत आटोपतो. माळावरची कुसळी दिवाळीनंतर पिवळी पडायला लागते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तशीच उभी राहते. त्याच माळाला लागून नीरा डावा कालवा, खडकवासल्याचा कालवा आणि उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस आहे. ऊस वरून हिरवा दिसतो, पण खाली बुडाशी वाळलेल्या पानांचा थर असतो. तोडणी झाली की हेक्टरी आठ ते दहा टन पाचट रानात पसरतं. म्हणजे एकीकडे सुकं गवत, दुसरीकडे सुकं पाचट आणि मधोमध आपली वस्ती. पेटायला एक ठिणगी पुरते, आणि ती बहुतेक वेळा माणसाच्याच हातून पडते.

पाचटाचा हिशोब

पाचट जाळू नका असं सांगितलं की पालक मला म्हणतात, "सर, तुमचं काय जातंय? पगार चालू आहे." खरं आहे. पण आमचंही दीड एकर रान आहे, चुलतभाऊ वाट्याने करतो, आणि आम्हीही जाळायचो. एका वर्षी अब्बांनी बांधाकडेचं पाचट पेटवलं. आग खाली बसल्यासारखी वाटली म्हणून ते जोहरच्या नमाजला गेले. परत येईपर्यंत वारा फिरला होता आणि शेजाऱ्याच्या रानातली ठिबकची नळी वितळून जमिनीला चिकटली होती. शेजारी भांडला नाही. नळी घेऊन आला, आमच्या अंगणात ठेवली आणि चहा न पिता गेला. अब्बांनी पैसे भरून दिले, पण ती नळी आमच्या ओसरीत वर्षभर पडून होती. अम्मी ती फेकू देत नव्हती.

लोक जाळतात त्याला कारणं आहेत, ती खोटी नाहीत. पाचटात बुडखे छाटायला मजूर वैतागतात. उंदीर होतात, सापाची भीती असते. खोडव्याला पाणी पुढे सरकत नाही. यावर उपाय आहेत, पण त्यांना थोडे कष्ट लागतात. पाचट एक आड एक सरीत ओढायचं, किंवा ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राने बारीक करून घ्यायचं. बुडखे जमिनीबरोबर छाटायचे. पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे लोक हे कितीतरी वर्षं सांगत आलेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर समोर बसवून समजावून देतात.

आता फायदा बघा. पाचटात अर्धा टक्क्याच्या आसपास नत्र असतं. हेक्टरी आठ-दहा टन धरलं तर 40 ते 50 किलो नत्र झालं, म्हणजे 45 किलोची युरियाची दोन ते अडीच पोती. पालाश याहून जास्त. काडी लावली की नत्र जवळजवळ सगळं धुरातून जातं. राख राहते, ती चैत्राच्या वावटळीबरोबर शेजाऱ्याकडे जाते. मातीतला ओलावा जातो आणि गांडुळं मरतात ते वेगळंच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण पाचट ठेवा म्हणणारे सगळेच ती सांगत नाहीत. रानात ठेवलेलं पाचट कुजेपर्यंत पेटतं. तुम्ही जाळलं नाही तरी रस्त्याने जाणाऱ्याच्या बिडीने ते पेटू शकतं आणि आत कोवळा खोडवा असतो. म्हणून पाचट ठेवायचं तर रस्त्याकडेला, बांधाला आणि घराच्या बाजूला दहा-पंधरा फुटांची पट्टी पूर्ण झाडून साफ ठेवायची. पाचट आत ओढून घ्यायचं आणि पहिलं पाणी लांबवायचं नाही. ओलं, मातीला चिकटलेलं पाचट सहजासहजी पेट घेत नाही. ही पट्टी साफ करायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो.

टोळी लवकर मिळावी म्हणून स्वतःच्याच उसाला काडी लावणारेही आहेत. नाव कुणी घेत नाही, पण गावात सगळ्यांना माहीत असतं. जळीत उसाचं वजन आणि साखर तासागणिक घटते आणि कारखाना पैसे कापतो. त्यात ती आग बांध ओलांडून गेली तर दुसऱ्याचं वर्षाचं उत्पन्न जातं. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली गुन्हा आहे. आणि कोर्टाचं सोडा, हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्काचा मामला आहे. ज्याचं नुकसान झालं त्याने माफ केल्याशिवाय तो मिटत नाही, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो.

वरून जाणाऱ्या तारा

"शॉर्टसर्किटने ऊस जळाला" ही बातमी दर हंगामात येते. झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागतात, ठिणग्या पडतात आणि खाली वाळलेलं पान असतं. यात जबाबदारी वीज कंपनीची आहेच, ती आपण आपल्या अंगावर घ्यायचं कारण नाही. पण तक्रार तोंडी करून उपयोग होत नाही. तारेचा फोटो, गट नंबर, खांबाचा किंवा डीपीचा नंबर घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 1912 वर तक्रार नोंदवली तर तिचा नंबर वहीत लिहून ठेवा. झोळ काढून द्या, नाहीतर दोन तारांत अंतर राखणारे स्पेसर बसवून द्या असं स्पष्ट लिहा. पुढे भरपाईची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. शिवाय महसूलचा पंचनामाही लागेल. आपल्या हातात आणखी एवढं आहे की तारेखालच्या पट्ट्यात उसाऐवजी बुटकं पीक घ्यावं, किंवा तिथला ऊस आधी तोडायला सांगावा. डीपीच्या भोवतीचं गवत कापावं आणि आकडे टाकू नयेत. तारेखाली आग लागली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारायला जाऊ नका.

घराभोवतीचे तीस फूट

आपल्या समाजातली बरीच घरं गावठाणात आहेत, पण आता रानात वस्तीवर राहणारीही कमी नाहीत. वस्तीवरच्या घराला आग थेट ज्वाळांनी लागते असं आपण समजतो. खरं तर बऱ्याचदा आधी ठिणगी येते. पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीतून ती आत शिरते, पन्हाळीत साठलेल्या पाल्यावर पडते, ओसरीतल्या गोणपाटावर पडते. तास-दोन तास धुमसते आणि सगळे रानात आग विझवत असताना मागे घर पेटतं.

म्हणून हंगामाच्या आधी घराभोवती तीस फूट मोकळे करा. कडब्याची गंज घरापासून आणि गोठ्यापासून लांब हलवा. लांब म्हणजे दोन्हीपासून लांब. बैलाला वैरण टाकायला सोपं पडतं म्हणून गंज गोठ्याला चिकटून रचायची सवय सोडायला हवी. सरपण, डिझेलचा कॅन, रिकामी खतांची पोती ओसरीतून काढा. छपरावरचा पाला झाडा. वेडी बाभूळ घराला टेकली असेल तर ती तोडा. दोनशे लिटरचा एक ड्रम कायम भरलेला ठेवा आणि शेजारी चार गोणपाटं. डाळिंब-द्राक्षवाल्यांकडे ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर असतो. त्याची टाकी मार्च ते मे भरून ठेवली तर अग्निशमनची गाडी येईपर्यंत वस्तीचं हेच पहिलं वाहन ठरतं.

गोठ्यात एक धारदार विळा खिळ्याला टांगून ठेवा. गोठ्याला आग लागली की दाव्याची गाठ सोडवता येत नाही, जनावर ओढ घेतं आणि गाठ आवळते. दावं कापावंच लागतं. त्या घाईत विळा घरात शोधत बसलात तर म्हैस गेली.

आमच्या भागात बीड आणि अहिल्यानगरकडून आलेले ऊसतोड कामगार पाचट-ताडपत्रीच्या कोप्यांत राहतात. त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्या शाळेत येऊन बसतात. आईबाप पहाटे तोडीला गेले की कोपीत लहानगी भावंडं आणि चूल एकत्र असतात. ज्यांच्या रानात कोप्या उभ्या राहतात त्यांनी एवढं बघावं: दोन कोप्यांत अंतर हवं, चुली कोपीबाहेर वाऱ्याच्या आडोशाला हव्यात आणि पाण्याचं एक पिंप फक्त आगीसाठी हवं. मुकादमाला हे सांगायला लाजू नये. रान आपलं आहे, तर हे बघणंही आपल्याकडेच येतं.

रात्री झोपताना घरातली आग विझवून झोपावं ही ताकीद बुखारी आणि मुस्लिम दोन्हींतल्या हदीसमध्ये आहे. मदीन्यात एक घर रात्री माणसांसकट जळालं, त्यानंतरची ही गोष्ट. आमची दादी चुलीतले निखारे पाणी शिंपडून, राख ढवळून, हात वर धरून बघायची आणि मगच बिस्मिल्ला म्हणून आडवी व्हायची. उरुसाला दर्ग्याच्या माळावर नियाजच्या देगी उतरवल्यावर आपण तेवढंही करत नाही. देग उतरली की सगळे जेवायला पळतात आणि तीन दगडांमधला निखारा वाऱ्यावर राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता आणि हाताला ऊब लागत नाही तोवर तिथून हलू नका.

आग समोर आली तर

2009 मध्ये 7 फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एका दिवसाच्या वणव्यांत 173 माणसं गेली. त्यातली बरीच आपल्या घरात किंवा घराजवळ होती. तोवर तिथे सांगितलं जायचं की तयारी असेल तर घर राखत थांबा, नाहीतर वेळेत निघा. त्यानंतर भर लवकर निघण्यावर आला. आपलं घर त्यांच्यासारखं लाकडी नाही आणि आपली आगही तेवढी मोठी नसते. पण उशिरा निघायची सवय आपल्यातही आहे. "अल्लाह मालिक है, बघू" म्हणत ओसरीवर उभं राहायचं आणि धूर अंगावर आल्यावर म्हातारीला उचलायचं. वारा आपल्याकडे असेल तर म्हातारे, लहान मुलं आणि गरोदर बाई यांना धूर दिसताच गावात पाठवा. आधार कार्ड, सातबारा, शाळेचे दाखले आणि औषधं एका पिशवीत असू द्या. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा.

रानात सापडलात तर आगीच्या पुढे पळू नका. सुक्या गवतातली आग वाऱ्यावर माणसापेक्षा जोरात धावते आणि चढावर तिचा वेग आणखी वाढतो. बाजूला निघा, नांगरट केलेल्या रानात, डांबरी रस्त्यावर किंवा आधीच जळून काळ्या पडलेल्या भागात. उभ्या उसात कधीही शिरू नका. शेततळ्यातही उडी मारू नका. प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो, आत गेलेल्या माणसाला काठावर चढता येत नाही आणि आगीतून वाचलेला माणूस पाण्यात जातो.

अंगावरचे कपडे सुती हवेत. हे बायकांना मुद्दाम सांगतो, कारण आजकालचे बुरखे, ओढण्या, नायलॉनच्या साड्या पेटण्याबरोबर वितळून कातडीला चिकटतात. आग विझवायला जायचं असेल तर आधी कपडा बदला. त्या वेळी यात पर्द्याचा प्रश्न आणू नये, घरातल्या पुरुषांनी तर नाहीच. कपड्याला आग लागली तर पळायचं नाही, जमिनीवर आडवं होऊन लोळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं. टूथपेस्ट, शाई, तेल, हळद काही नको. मग 108.

गेली दोन-तीन वर्षं रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन आगीच्या दिवसांत आला. रोजा ठेवून आगीपुढे उभा राहिलेला तरुण चक्कर येऊन पडला तर त्याला उचलायला आणखी दोघे लागतात. जीव धोक्यात असेल तर रोजा सोडून नंतर कजा करायची सवलत आहे. शंका असेल त्याने इमामसाहेबांना आधीच विचारून ठेवावं.

फोन 101 किंवा 112 ला. गाडी बारामतीहून किंवा इंदापूरहून निघणार आणि काही गावांना ती पोचायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. म्हणून गाव, फाटा, कोणत्या बाजूने मोठी गाडी येते आणि जवळची खूण हे एका दमात सांगा आणि एक मुलगा फाट्यावर उभा करा. जवळच्या कारखान्याच्या टँकरचा नंबरही आधी घेऊन ठेवा. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू असेल तर एका कॉलमध्ये सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर आवाज जातो. आपला नंबर त्यात आहे का, ते पोलीस पाटलांकडे तपासा. आणि मशिदीचा माइक आहेच. पाचटाची आग लागली तर तिकडून हाक द्यायला कुणी हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माळ कुणाचा?

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, शिर्सुफळ आणि कडबनवाडीची गवताळ रानं ही चिंकारा, लांडगा आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरं आहेत. वनखातं उन्हाळ्याआधी तिथे जाळरेषा काढतं, म्हणजे ठरलेला पट्टा स्वतःच्या देखरेखीत जाळून मोकळा करतं. हे काम त्यांचं आहे, आपण हौसेने करायचं नाही. माळ जाळला की पावसाळ्यात गवत चांगलं येतं असं बरेच जण सांगतात. फुटवा हिरवागार दिसतो हे खरं, पण दरवर्षी जाळलं तर मारवेल, पवना अशी जनावरं आवडीने खातात ती गवतं मागे पडतात. कुसळीचं बी स्वतःला मातीत रुतवून घेतं, ते आगीतून वाचतं. पुढे माळावर कुसळीच उरते आणि ती शेळ्यांच्या तोंडात टोचते. राखीव वनाला आग लावणं गुन्हा आहेच. शिवाय ज्यांना वनात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क आहे, त्यांनी आग विझवायला मदत करणं 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 79 खाली बंधनकारक आहे. माळावर धूर दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन 1926.

आता कब्रस्तानाबद्दल. बहुतेक गावांत ते गावाबाहेर, उसाला किंवा माळाला लागून असतं. वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही, गवत कमरेएवढं वाढतं आणि शब-ए-बारातच्या रात्री आपण शेकडो जण तिथे अगरबत्त्या, मेणबत्त्या घेऊन जातो. अलीकडे ही रात्र फेब्रुवारीच्या आसपास आली, पुढे ती सरकत जानेवारी-डिसेंबरात जाईल, आणि गवत तेव्हाही सुकलेलंच असणार. आमच्या गावात एका वर्षी मातीत खोचलेली अगरबत्ती वाऱ्याने पडली आणि पहाटेपर्यंत अर्धं कब्रस्तान काळं झालं. दोन जुनी लिंबाची झाडं गेली. विझवायला सगळ्यात आधी धावला तो शेजारच्या वस्तीवरचा धनगराचा पोरगा, त्याच्या ब्लोअरसकट. त्याचा ऊस कुंपणाला लागून होता.

तेव्हापासून आम्ही शब-ए-बारातच्या आधीचा रविवार ठरवून ठेवलाय. सकाळी सात वाजता विळे घेऊन यायचं, आधी उसाकडची बाजू पंधरा फूट साफ करायची, मग कबरींमधलं गवत. अगरबत्त्या आता फाटकाजवळ वाळूच्या दोन घमेल्यांतच लावायच्या आणि मेणबत्तीऐवजी टॉर्च आणायचा. पहिल्या वर्षी अकरा जण आले, गेल्या वर्षी चाळीसच्या वर. कापलेलं गवत जाळत नाही. त्याच धनगराच्या पोराला निरोप जातो, तो मेंढ्यांसाठी ट्रॉलीत भरून घेऊन जातो.